राजाचा गळ आणि मरळीचे घरटे

तळ्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस दिसला की आपल्याला वाटते, हा रिकामटेकडा उद्योग! पण याच उद्योगावर सुमारे ९०० वर्षांपूर्वी एका राजाने लिहून ठेवले आहे.

हा राजा म्हणजे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर. त्याच्या वडिलांच्या कारकिर्दीतील एक लेख ‘सीताबर्डी शिलालेख’ म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे विदर्भ या घराण्याला परका नव्हता. सोमेश्वराने १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील ‘मत्स्यविनोद’ या भागात माशांची विभागणी आहे: समुद्रातले व गोड्या पाण्यातले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, मोठे व लहान. कोणत्या माशाला तिळाची पेंड आवडते, कोणाला पिठाचे गोळे, कोणाला मांस, हेही त्यात सांगितले आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

मासा काय खातो हे कळले, की तो पाण्यात कोठे सापडेल हेही कळते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. मात्र हे तिघे तळ्याच्या संथ पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील नदीचे वाहते पाणी लागते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अशा माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून त्यांचे बीज केंद्रात तयार करून तळ्यात सोडता येऊ लागले.

आपल्या वऱ्हाडातील भोई मंडळींच्या ओळखीची मरळ मात्र निराळी. ती हवेतूनही श्वास घेते, म्हणून उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यातही तग धरते. पावसाळ्यात ती काठच्या उथळ पाण्यात, पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटे करते. पिल्ले बाहेर पडली की त्यांचा तांबूस थवा पाण्यावर तरंगतो आणि आईबाप खालून राखण करतात.

आता विचार करा. तळ्याचा काठ दगडांनी बांधून काढला, त्यावर भराव घातला किंवा तेथे कचरा टाकला, तर काय होईल? कटला-रोहूचे बीज बाहेरून आणून सोडता येईल. त्यामुळे तळ्यात मासे आहेत असेच दिसेल. पण मरळीला घरट्यासाठी जागा उरणार नाही. अनेक बेडूक, चतुर आणि पाणकोंबड्याही याच काठावर वाढतात.

येत्या पावसाळ्यात गुरुजींबरोबर अमरावतीच्या वडाळी तळ्यावर, अकोल्याजवळच्या कापशी तळ्यावर किंवा आपल्या गावच्या तळ्यावर जा. पाण्यात न उतरता काठाचा नकाशा काढा: माती कोठे, दगड कोठे, वनस्पती कोठे? तांबूस थवा दिसला तर तारीख टिपून ठेवा. जवळपास एखादे वृद्ध भोईकाका असतील, तर पूर्वी मरळ कोठे घरटे करीत असे, हे त्यांना विचारा आणि ती जागाही नकाशावर दाखवा.