शिंतोड्यांचा मुलूख

कूचबिहारचे महाराज आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळताना गावे पणाला लावीत आणि त्यातूनच ‘छिटमहल’ झाले, अशी गोष्ट भारत-बांगलादेश सीमेवर सांगतात. गोष्ट झकास आहे, पण खरा मामला वसुलीचा. छिट म्हणजे शिंतोडा, तुटका तुकडा. आणि महाल हा शब्द तर आपल्याही जुन्या दप्तरांतला, साऱ्याचा मुलूख या अर्थाचा. अठराव्या शतकाच्या आरंभी मुघल आणि कूचबिहार यांच्यात तह झाला, तेव्हा एकमेकांच्या हद्दीत काही गावे ज्याच्या ताब्यात होती त्याचीच राहिली. रयतेला फरक एवढाच, की सारा कुणाकडे भरायचा.

१९४७ साली रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेले, १९४९ साली कूचबिहार भारतात आले, आणि साऱ्याच्या वहीतली रेघ दोन देशांची सीमा झाली. भारताचे १११ तुकडे पलीकडे, बांगलादेशचे ५१ इकडे. दहाला खागराबाडी हे तर भारताचे शेत. ते बांगलादेशी गावाच्या पोटात, ते गाव भारतीय गावाच्या पोटात आणि ते पुन्हा बांगलादेशात!

हसू येते खरे, पण तिथे ना वीज, ना शाळा, ना पोलीस, ना मतदान. कुंपणाबाहेर पाऊल टाकले की परदेश. मुलाला शाळेत घालायचे, बाळंतिणीला इस्पितळात न्यायचे, तर शेजारच्या गावातल्या कुणाचे तरी नाव बाप किंवा नवरा म्हणून लावायचे. नकाशापेक्षा मला हे जास्त टोचते.

तोडगा निघाला नव्हता असे नाही. १९५८ साली नेहरू आणि फिरोजखान नून यांचा करार झाला. पण घटनादुरुस्तीशिवाय भूभाग देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली सांगितले. पुढे १९७४ साली इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी सह्या केल्या. बांगलादेशने त्याच वर्षी मान्यता दिली. आपल्या संसदेने शंभरावी घटनादुरुस्ती केली ती २०१५ साली. मधली ४१ वर्षे कुणाची गेली?

३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली. माणसांना देश निवडायची मुभा होती. इकडच्या ५१ तुकड्यांतून बांगलादेशात कुणीच गेले नाही. तिकडून हजाराच्या आत माणसे भारतात आली आणि काही वर्षे दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबाडीच्या पत्र्याच्या छावण्यांत राहिली. जे जागचे हलले नाहीत, त्यांच्यातल्या कित्येक मुलांच्या दाखल्यांवर मात्र बापाच्या जागी परक्याचे नाव होते. देश मिळाल्यावर त्यांना कचेऱ्यांत खेटे घालावे लागले, ते स्वतःच्या बापाचे नाव लावून घेण्यासाठी.