कासवाचे लांछन आणि वेळासचा किनारा

विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत स्वामींचे लांछन कासव आहे, हे आपल्या पाठशाळेतील लहान मुलेही सांगतात. पैठणच्या अतिशय क्षेत्री मुनिसुव्रतनाथांचे दर्शन आपल्यापैकी अनेकांनी घेतले असेल. ज्ञाताधर्मकथा या अंगसूत्रात तर दोन कासवांची कथाच आहे. कोल्हे जवळ येताच दोघांनी आपले अवयव कवचात ओढून घेतले. एकाला धीर धरवला नाही. त्याने पाय बाहेर काढला आणि ते कोल्ह्यांच्या तोंडी पडले. दुसरे निश्चल राहिले व सुखरूप पाण्यात परतले. ज्यांच्या नावाने आपल्या कड्यात शिक्षणसंस्था उभी आहे, त्या पूज्य अमोलकऋषीजी महाराजांनी बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद केला. त्यामुळे असे दृष्टांत सामान्य श्रावकाच्याही वाचनात आले.

समुद्रातील कासवाला मात्र ही सोय निसर्गाने दिलेली नाही. तळ्यातील कासवाप्रमाणे त्याला डोके व पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. मादी अंडी घालण्यापुरती किनाऱ्यावर येते, दीड-एक फूट खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे फिरकत नाही. मागे राहतात ती वाळूतील अंडी, आणि ती उकरणारे कोल्हे, कुत्री व माणसे. ज्याला स्वतःला झाकून घेता येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी जागावे लागते. असे जागणारे लोक रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी आहेत. नातवंडांच्या आग्रहावरून तेथे जाण्याचा योग आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी कोकण किनारा पालथा घालत होते. २००२ मध्ये वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी येथे येते, परंतु तिची अंडी काढून खाल्ली व विकली जातात, असे चौकशीत कळले. हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पोलिसांकडे तक्रार करून मोकळे होणे शक्य होते. या मंडळींनी तसे केले नाही. ते गावात बसले, गावकऱ्यांशी बोलले आणि त्यांनाच रक्षणाच्या कामात घेतले. ज्यांना वाळूवरील माग वाचता येत होता, त्यांच्या त्याच ज्ञानाला नवे काम मिळाले.

हे काम कष्टाचे आहे. हिवाळ्याच्या दिवसांत कासवमित्र पहाटेच्या अंधारात किनारा चालत जातात. मादीच्या पावलांचा माग दिसला की घरटे शोधायचे, अंडी न उलटता हलक्या हाताने उचलायची आणि कुंपणाने बंदिस्त केलेल्या जागेत तशाच मापाच्या खड्ड्यात ठेवायची. पुढे पन्नास-साठ दिवस राखण करायची. वाळू अधिक उष्ण असली तर माद्या अधिक निपजतात, कमी असली तर नर. त्यामुळे खड्ड्याच्या खोलीलाही महत्त्व आहे.

पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास गावात कासव महोत्सव भरतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि कंदमूळ वर्ज्य, हे आम्ही आधीच कळवले होते; त्या माउलीने ते प्रेमाने सांभाळले. पानावर बसलो असता आमचे यजमान सहजपणे म्हणाले, “लहानपणी आम्हीही ही अंडी खाल्ली आहेत, काका. तेव्हा कोणी सांगितलेच नव्हते.”

क्षणभर माझ्या हातातला घास थांबला. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच गृहस्थ कुंपणापाशी गुडघे टेकून टोपली उचलताना दिसले. टोपलीखाली वाळूतून वर आलेली तळहाताएवढीही नसलेली पिल्ले होती. ती पाण्यापासून काही अंतरावर सोडली. दोरीमागे उभ्या असलेल्या नातवाने विचारले, “आजोबा, ही सरळ पाण्यातच का सोडत नाहीत?” यजमानांनी समजावले की वाळूवरून स्वतः चालत जाणे त्यांना आवश्यक असते, मदत करायची ती एवढीच. पहिल्या लाटेने पिल्लांना मागे फेकले. ती पुन्हा चालू लागली.

परतीच्या प्रवासात मी स्वतःचाच ताळेबंद मांडत होतो. कबुतरांना दाणे, गोशाळेची पावती, पर्युषणातील जीवदयेचा फंड, एवढ्यावर माझी जमेची बाजू संपत होती. नोकरीच्या काळात किनाऱ्यालगतच्या एका शाखेत बदली झाली असता मच्छीमार खातेदारांशी मी कामापुरतेच बोलत असे, हेही आठवले. त्यांच्या व्यवसायामुळे त्यांना दयेची भाषा कळणार नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. प्रतिक्रमण म्हणजे चुकलेल्या वाटेवरून मागे फिरणे. मी ते वर्षानुवर्षे सूत्रांतून म्हणत आलो. त्या यजमानांनी ते पहाटेच्या थंडीत पायी केले होते.

हे एका गावापुरते नाही. जाळ्यात कासव किंवा अन्य संरक्षित जीव अडकला तर मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडावे, यासाठी राज्याने २०१८ च्या अखेरीपासून योजना सुरू केली. फाटलेल्या जाळ्याची भरपाई कमाल पंचवीस हजार रुपयांपर्यंत मिळते. व्यापाऱ्याला यातील मर्म लगेच कळेल. दयेचा संपूर्ण तोटा गरिबाच्या माथी मारला, तर ती दया फार काळ टिकत नाही.

कड्यापासून समुद्र दूर आहे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्या आष्टी तालुक्याच्या सीमेवरून वाहणारी सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. म्हणजे हाच जीव दोन्ही समुद्रांत वावरतो. पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची पिशवी त्याला आपले खाद्य असलेल्या जेलीफिशसारखी भासते. ती गिळली की अन्नमार्ग बंद होतो. राज्यात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, तरीही आपल्या किती गल्ल्यांखाली त्यांचे गठ्ठे सापडतील, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, या पर्युषणापासून दुकानात पातळ पिशवी ठेवणार नाही, असे पच्चक्खाण घ्यावे. गिऱ्हाईक चार दिवस कुरकुर करील, पाचव्या दिवशी घरून पिशवी आणील. दुसरी, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मुलांना एकदा वेळासला किंवा दापोलीजवळच्या आंजर्ल्याला न्यावे. तेथे पिल्लांना हात लावू नये, फ्लॅश मारू नये आणि रक्षण करणाऱ्या माणसाशी दोन शब्द आदराने बोलावेत.

आमच्या नातवाने घरी आल्यावर देवघरातील मुनिसुव्रत स्वामींच्या तसबिरीखालचे लांछन बोटाने दाखवून विचारले, “आजोबा, ते पोहोचले असेल ना?” मी म्हणालो, “पाण्यापर्यंत तर आपण पाहिले आहे.”

जय जिनेंद्र.