ऐकूं येतें, पण उमगत नाहीं

वार्धक्यांत दोन्ही कानांनीं कमी ऐकूं येऊं लागलेल्या वडील माणसांविषयीं घरोघर एक तक्रार असते: “ह्यांना हवें तेवढें बरोबर ऐकूं येतें!” स्वयंपाकघरांत भांडें पडलें तर आजोबा दचकतात, पण सुनेनें कांहीं विचारलें तर भलतेंच उत्तर देतात. मंडळी ह्याला लहर म्हणतात, कोणी भ्रमिष्टपणाहि म्हणतात. वस्तुतः हा कानाच्या रचनेचा परिणाम आहे, आणि तो समजण्यास आपली वर्णमाला पुरेशी आहे.

अंतःकर्णांत शंखाकृति नलिका असते. तिच्यांतील सूक्ष्म केशयुक्त पेशी ध्वनीचें रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशांत करितात. प्रवेशाजवळील पेशी उंच पट्टीचे ध्वनि टिपतात. वयोमानानें, यंत्रांच्या दीर्घकालीन गोंगाटानें वा कांहीं औषधांनीं बहुधा त्याच प्रथम झिजतात. मोहने-आंबिवलीच्या परिसरांत कारखान्यांत उमेदीचीं वर्षें घालविलेलीं माणसें पुष्कळ आहेत, त्यांच्या घरीं हें विशेष लक्षांत घ्यावें. नष्ट झालेल्या ह्या पेशी मनुष्यांत पुन्हा उत्पन्न होत नाहींत.

आतां, स्वर हे जोरकस व खालच्या पट्टीचे. ते कानीं पडतात. स, श, ख, थ ह्यांसारखे अघोष वर्ण क्षीण व उंच पट्टीचे; ते गळतात. ‘साठ’ मधील स गळला कीं ‘आठ’ उरतें! आवाज पोंचला, अर्थ मात्र वाटेंत सांडला. ओरडून बोलल्यानें स्वरच फुगतात, व्यंजनें स्पष्ट होत नाहींत. शिवाय अशा कानास हळू ऐकूं येत नाहीं आणि फार मोठें सोसत नाहीं.

येथें डोळे साहाय्यास येतात. प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण ओठांवर दिसतात. मात्र ते परस्परांपासून ओळखतां येत नाहींत. क, ग हे कंठ्य वर्ण तर बहुतेक दिसतच नाहींत. म्हणून प्रथम हांक मारून लक्ष वेधावें, उजेडांत समोर बसावें, सावकाश बोलावें, व एका वेळीं एकानेंच बोलावें. दूरदर्शनसंच बंद करावा. न समजल्यास तोच शब्द पुन्हा न उच्चारतां वाक्य बदलावें: ‘साठ’ ऐवजीं ‘पन्नास आणि दहा’.

एक कान शाबूत असला तर तो पुष्कळ सांभाळून घेतो. परंतु ध्वनीची दिशा जाणणें व गलबल्यांतून एक आवाज निवडणें ह्यांस दोन्ही कान लागतात. ते दोन्ही दुबळे झाले कीं पंगत आणि घरची बैठक केवळ कोलाहल होते. मग वडील माणूस आपल्या खोलींत बसूं लागतें. नातवाचें लग्न ठरल्याचें, जमीन विकल्याचें त्यास मागाहून कळतें. खरी हानि ही आहे. २०१७ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानें स्मृतिभ्रंशाच्या निवारणीय कारणांत श्रवणदोषाची गणना केली आहे.

प्रथम कानाच्या डॉक्टरांकडे जावें. मळ साचणें वा पडद्यामागें पाणी होणें हे दोष बरे होतात. अकस्मात् ऐकूं येईनासें झालें तर एक दिवसहि दवडूं नये. दोष अंतःकर्णाचा असल्यास बहुधा दोन्ही कानांस श्रवणयंत्रें लागतात. चष्म्याप्रमाणें त्यांचा गुण तत्काळ येत नाहीं. आरंभीं शांत खोलींत थोडा वेळ वापरून कांहीं आठवड्यांनीं मेंदूस संवय होते. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हें कार्य करीत आहे. आंबिवलीहून दादरमार्गें तेथें जातां येतें. २०१६ च्या दिव्यांगहक्कांच्या कायद्यानें दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असणारास ‘ऐकण्यास कमी’ मानलें आहे. त्याचा दाखला काढून ठेवावा.

उरलेलें काम घरानेंच करावयाचें आहे. जेवतांना वडिलांचें पान भिंतीकडे पाठ येईल व सर्वांचीं तोंडें दिसतील असें मांडावें. आणि निर्णय त्यांस कळविण्यापूर्वीं, त्यांच्या समोर बसून, त्यांस विचारावा.