मिल्स बंधूंचा स्वरमेळ

अमेरिकेतील जॅझ स्वरमेळ-गायनाच्या इतिहासात ओहायो राज्यातील पिक्वा येथील मिल्स बंधूंचे स्थान अग्रगण्य आहे. जॉन, हर्बर्ट, हॅरी व डोनाल्ड हे चौघे बंधू केवळ एका गिटारीच्या साथीवर ट्रंपेट, ट्यूबा इत्यादी वाद्यांचे नाद कंठातून काढीत. १९३१ सालच्या ‘टायगर रॅग’ या ध्वनिमुद्रिकेने त्यांस कीर्ती लाभली. १९३६ साली मंद्र स्वर व गिटार सांभाळणारा जॉन निवर्तला आणि वृंदाचा पायाच ढासळला. त्याचा स्वर वडिलांनी उचलला. गिटारीसाठी मात्र बाहेरचा वादक घ्यावा लागला. पुढे वाद्यानुकरण मागे पडून साध्या, शब्दानुसारी स्वरमेळास प्राधान्य आले. १९४३ साली ‘पेपर डॉल’ने मिळविलेली लोकप्रियता ही त्याचीच परिणती होय. वृंदाचे खरे बळ चमत्कृतीत नसून जुळलेल्या कंठांत होते, हेच यावरून सिद्ध होते.