जुन्या ढंगाची फटफटी : घेणे सोपे, टिकवणे महत्त्वाचे

कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या दर्शनासाठी कपिलधारला माणसांची रीघ लागते. बालाघाटाच्या या डोंगरवाटेवर पायी दिंड्यांबरोबर आता मोटारसायकलीही दिसतात. त्यांत गोल दिव्याच्या, फुगीर टाकीच्या, जुन्या ढंगाच्या गाड्यांची तरुणांना विशेष भुरळ पडते. परंतु दोन लाखांच्या घरातली ही वस्तू घरात येते ती कापसाच्या पट्टीतून, नाही तर ऊसतोडीच्या उचलीतून. तेव्हा ती किती वर्षे साथ देईल, याचा विचार घरातल्या सर्वांनी मिळून करावा.

बुलेट आपल्याकडे 1955 साली मद्रासला तयार होऊ लागली. म्हैसूरची जावा आणि पुढे येझदी 1996 पर्यंत निघत होती. राजदूत तर दूधवाल्यांची लाडकी. या गाड्या टिकल्या, कारण त्यांचे यंत्र साधे होते. प्लग पुसला, पॉइंट घासला, टॅपेट बसवले, की गावचा मिस्त्रीसुद्धा गाडी चालू करून देई.

आजच्या गाडीचे रूप तेवढे जुने. जावाचे नाव 2018 मध्ये परत आले, येझदीचे 2022 मध्ये. क्लासिक 350 ला 2021 मध्ये नवे इंजिन बसले. या गाड्यांत कार्बोरेटर नाही. पेट्रोल किती सोडायचे ते विजेवरची यंत्रणा ठरवते. त्यामुळे रोजची कटकट कमी झाली, पण बिघाड झालाच तर नुसत्या पाना-पक्कडीने भागत नाही. म्हणून गाडी घेण्याआधी दुरुस्तीचे केंद्र गावापासून किती लांब आहे, ते पाहावे. क्लासिक 350 चे वजन 195 किलो आहे. ती आडवी झाली तर घरातल्या कोणाला उचलता येईल, हेही पाहावे. आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते, पंक्चर काढायला चाक उतरवावे लागते. ट्यूबलेस चाकाचा प्रकार मिळत असेल तर तो शेतकऱ्याला सोयीचा.

आता निगा. आपल्याकडची धूळ हा गाडीचा मोठा वैरी. एअर फिल्टर आणि ऑईल पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत बदलावेच. धुळीच्या वाटेवर रोजचे जाणे-येणे असेल तर मुदतीची वाट पाहू नये. चेन पुसून तेल द्यावे, फार ताणू नये. आरे बोटाने वाजवून पाहावेत. ढिल्या आऱ्याचा आवाज बद्द येतो. घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करू नये. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे सारा भार ब्रेकवर येत नाही. मागे बसणाऱ्या माताभगिनींसाठी साडीगार्ड काढून टाकू नये.

बीड जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि गाडी चार-सहा महिने छपरात उभी राहते. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यातले काही उसापासून बनलेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. जुन्या गाडीची टाकी त्याने आतून गंजते, रबरी नळ्या खराब होतात. म्हणून जाण्यापूर्वी जुन्या गाडीची टाकी रिकामी करून आतून ऑईलचा हात फिरवावा, आणि कार्बोरेटरमधले पेट्रोलही काढून टाकावे. बॅटरीची वायर सोडावी, गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून धान्याच्या पोत्यांजवळ गाडी ठेवू नये. नवी गाडी असेल आणि घरी जाणते माणस मागे राहणार असेल, तर त्याने पंधरवड्यातून एकदा ती आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी. जागेवर दोन मिनिटे चालू करून बंद केल्याने लाभ होत नाही.

बैलाला जशी वेळेवर वैरण आणि खरारा, तशीच गाडीला वेळेवर निगा लागते. एवढे सांभाळले तर उचलीतून घेतलेली गाडी उचल फिटल्यावरही पुष्कळ वर्षे दारात उभी राहील.