सतरा नंबर

सकाळी 7:40
शॉपचं शटर दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय वर जात नाही. आत कालचाच वास: तेल, गंज, घाम. दिवे लावून बाकांवरून एक फेरी मारतो. चार नंबरने वाईस झाडलेला नाही, जबड्यात कीस तसाच. अकरा नंबरने कानशीवर कानस टाकलीय. दात दातावर घासले की दोन्ही कानशी बोथट होतात, हे मी ऑगस्टपासून सांगतोय. तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटरचा शिल्प निदेशक म्हणून माझी एकोणीस वर्षं झाली. पोरगं कसं आहे ते मी आधी त्याच्या बाकावर बघतो.

8:10
हजेरी. वीसपैकी चौदा. एक एसटी अजून यायचीय. सतरा नंबर चक्क वेळेवर आलाय. एरवी हा साडेनऊला येतो आणि थिअरीला झोपतो.

9:00
जॉब तोच: 10 मिलिमीटर जाडीच्या फ्लॅटमधून 50 बाय 50 चा चौकोन. आधी हॅक्सॉ. नऊ नंबरने कापता कापता फ्रेम वाकडी केली. टक्! वीस-पंचवीस रुपयांचं ब्लेड गेलं. या महिन्यातलं सातवं. तुकडे फेकू देत नाही, लहान पोलादी पट्ट्या म्हणून कुठेतरी कामाला येतात.

मग कानस. पुढे जाताना दाब, मागे येताना नाही. ऐकायला सोपं आहे. पुढे जाताना सुरुवातीला डाव्या हाताचा भार जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी उजव्याचा. हा बदल जमला नाही की कानस झोपाळ्यासारखी हलते आणि जॉबला पोट येतं. सगळ्यांच्या जॉबला पोट येतं. दोन-तीन महिने येतंच. मी तोंडाने फार सांगत नाही, मागे उभा राहून कोपर धरतो. सहा नंबरच्या मुलीचं पोट गेल्या आठवड्यात गेलं. तिने कानशीला खडू लावला होता, दातांत कीस भरू नये म्हणून. तिला हे मी शिकवलं नव्हतं, शेजारच्या बाकावर बघून उचललं तिने.

11:20
सतरा नंबर जॉब घेऊन आला. पुरा झालेला. कोपऱ्यात पंचाने ठोकलेला 17, ठळक.

गुण्या लावला. चारही बाजू काटकोनात. तीन महिन्यांत ज्याची एक बाजू सरळ आली नाही, त्याच्या चारही? मग जॉब खिडकीकडे धरला आणि गुण्याचं पातं तोंडावर आडवं ठेवलं. मध्ये उजेड नाही. कोपऱ्याशी, त्या 17 च्या खाली, उजेडाची बारीक फट. व्हर्नियर लावला. मध्ये 9.82, कोपऱ्यात 9.46.

तिथे आधी दुसरा नंबर होता. मागच्या बॅचचा कुणाचा तरी. तो घासून काढलाय.

घासलंय मात्र झकास. कड मारलेली नाही, ओरखडा नाही, उतार एकसारखा. नुसत्या डोळ्याला कळलंही नसतं. हा हात त्याने तीन महिने कुठे ठेवला होता?

एकदा अशाच जॉबवरून मी एकाला सगळ्यांसमोर झापलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. त्याचा बाक वर्षभर रिकामा राहिला. म्हणून याला एवढंच म्हटलं, "जेवून झालं की भेट."

1:00
डबा. चहाचे दहा रुपये मी दिले.

"सर, रात्री यार्डात गाडी भरतो. कांद्याची."

"किती देतात?"

"चारशे. गाडी उशिरा लागली तर पहाट होते."

2023 पर्यंत आयटीआयच्या पोरांना विद्यावेतन महिन्याला 40 रुपये होतं. मग 500 झालं. त्याच्या हिशेबात ते सव्वा रात्रीचे पैसे. मी हिशेब बोलून दाखवला नाही. त्याला तो माझ्याआधी आलेला असणार.

"जॉब कुणाचा?"

"रॅकच्या मागे पडला होता."

"नंबर कशाने काढलास?"

"आधी सेकंड कट. मग स्मूथ."

बरोबर उत्तर.

2:15
थिअरी. पंख्याखाली तिघं पेंगतायत, त्यांत सतरा नंबर नाही. तो शॉपमध्ये आहे. नवा फ्लॅट दिलाय, वहीत त्याच्या नावापुढे मार्कांची जागा कोरी ठेवलीय. गाडी भरायचं सोड, असं मी सांगितलेलं नाही. सांगून सोडणार नाही, आणि माझ्याकडे चारशे रुपयांचं दुसरं काम नाही. एवढंच ठरलं, की गाडी असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने साडेनऊला आलं तरी चालेल, पण आदल्या दिवशी सांगायचं. हजेरी 80 टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षा नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

4:20
झाडलोट. कीस पत्र्याच्या डब्यात, कानशी एकेक वेगळ्या. अकरा नंबर परत दोन एकावर एक ठेवायला गेला आणि माझ्याकडे बघून थांबला.

सतरा नंबरची एक बाजू झालीय. पोट आहे, थोडंसं. हातात नंबरचे पंच घेऊन उभा.

"मारू का, सर?"

"चारही झाल्या की."

त्याने पंच डब्यात टाकले. पाच दहाची एसटी आहे, यार्डाकडे जाणारी.