अधिकृत की खासगी? वाहनदुरुस्तीतील विश्वासाचा प्रश्न

लष्करातील खासगी बाजारात राहणाऱ्या माणसाला 'खासगी' या शब्दाच्या छटा समजावून सांगाव्या लागत नाहीत. संस्थानी काळात हा शब्द राजघराण्याच्या स्वतःच्या खर्चाच्या खात्यासाठी वापरला जाई. आपल्या व्यवसायात आज तो सरकारी रुग्णालयाबाहेरच्या, म्हणजेच महागड्या उपचारांना लावतात. मोटारींच्या दुनियेत मात्र त्याचा अर्थ नेमका उलटा होतो. तेथे 'खासगी मिस्त्री' म्हणजे स्वस्त आणि 'कंपनीचे वर्कशॉप' म्हणजे महाग. या दोघांपैकी विश्वास कोणावर ठेवावा, हा विषय आपल्या मंडळींत ज्या आवेशाने चर्चिला जातो, तो आवेश एखाद्या शास्त्रीय चर्चासत्रातही क्वचितच दिसतो.

हा प्रश्न आपल्या शहरात वरचेवर नव्याने उगवतो, याला एक स्थानिक कारणही आहे. माधवराव शिंदे यांच्या काळात १९०५ साली सुरू झालेल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात मध्य प्रदेश शासनाने अनेक वर्षी मोटारींच्या पथकरात निम्मी सवलत दिली आहे. साहजिकच कित्येक कुटुंबांची नवी गाडी मेळ्यातच ठरते. पुढे मोफत सर्व्हिसिंगच्या फेऱ्या संपतात, पहिले मोठे बिल हाती येते आणि कोणीतरी हितचिंतक सांगतो, "अहो, कशाला तेथे लुटले जाता? आमच्या उस्तादाकडे न्या." लगेच दुसरा हितचिंतक बजावतो, "बाहेर बोनेट उघडले की वॉरंटी गेली म्हणून समजा." दोघांच्याही सांगण्यात अर्धे सत्य आहे, पण गाडीच्या मालकाला निर्णय पूर्ण घ्यावा लागतो.

एके काळी हा पेच नव्हता. पुण्याच्या आकुर्डीत बनणारी बजाज स्कूटर किंवा मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी ज्यांनी वापरली, त्यांना आठवत असेल की प्लग, पॉइंट आणि कार्ब्युरेटर या तीन शब्दांत निम्मी दुरुस्ती संपत असे. स्कूटर तिरकी करून सुरू करण्याची विद्या तर व्हिजिटला जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला अवगत होती. मिस्त्री काय करीत आहे हे मालकाला दिसत असे आणि बहुतांशी कळतही असे. २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर मागे पडून इंधन-अंतःक्षेपण आले आणि बोनेटखाली एक छोटा संगणक येऊन बसला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे मानक लागू झाल्यावर तर डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी गाळणारी यंत्रणाही आली. आता मालकाला काही दिसत नाही आणि कळत तर त्याहून नाही. एवढेच नव्हे, तर हाती स्कॅनर नसेल तर मिस्त्रीलाही कळत नाही.

अर्थशास्त्रात या अवस्थेचा अभ्यास झालेला आहे, आणि त्याचा आरंभ आपल्याच क्षेत्राशी जोडलेला आहे हे मौजेचे आहे. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एका निबंधात वस्तू व सेवांचा एक वेगळा वर्ग दाखवून दिला. या वर्गातील सेवा घेण्यापूर्वी तिची पारख करता येत नाहीच, पण घेतल्यानंतरही ती आवश्यक होती की नव्हती हे सामान्य ग्राहकाला उमगत नाही. त्यांनी दिलेले एक उदाहरण अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचे होते. दुरुस्तीचा व्यवसायही याच वर्गात मोडतो. निदान करणारा आणि उपचार विकणारा एकच असला, की गरजेपेक्षा अधिक उपचार विकण्याचा मोह त्याच्यापुढे कायम उभा असतो. आपण टेबलाच्या त्या बाजूला बसतो तेव्हा हा मोह आपल्याला ठाऊक असतो. वर्कशॉपच्या काउंटरवर मात्र आपण सर्वस्वी अनभिज्ञ रुग्ण असतो.

तेव्हा पहिला मुद्दा वॉरंटीचा, कारण सर्वाधिक भीती तिच्यापोटीच दाखवली जाते. जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की काही मोटार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र मिस्त्री स्पर्धेतच उतरू शकत नाही. तीन कंपन्यांविरुद्धची ही तक्रार चौकशीत विस्तारत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना दोषी ठरवून एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडावर पुढे अपिले झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत आयोगाचा निष्कर्ष मुख्यतः मान्य करून दंडाची रक्कम मात्र कमी केली. आपल्या दृष्टीने दंडाहून महत्त्वाचे आहे ते मूळ आदेशातील तत्त्व. ग्राहकाने बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपनीने घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे त्यात म्हटले आहे. अमेरिकेत हाच विचार १९७५ च्या वॉरंटीविषयक कायद्यात आला होता.

मात्र कायद्यातील तत्त्व आणि काउंटरवरील व्यवहार यांत अंतर असते. इंजिन बिघडल्यावर 'हे बाहेरच्या कामामुळे झाले नाही' असे सांगत कागदपत्रे घेऊन कोण फिरणार? ज्याचा दवाखाना सकाळी नऊला उघडतो त्याला तर हे परवडणारच नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वॉरंटी चालू असेपर्यंत ठरलेले सर्व्हिसिंग कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये करावे. पंक्चर, बल्ब, वायपर, सीटकव्हर यांसाठी तेथे जाण्याची गरज नाही. पण वायरिंग कापून दिवे, हॉर्न किंवा गाणी वाजवणारी यंत्रे बाहेर बसवून घेणे हा शुद्ध आततायीपणा आहे.

आता कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेमके काय चांगले आहे ते पाहू. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत मागवण्याची तरतूद केली. एअरबॅग, ब्रेक किंवा इंधनपंप यांत उत्पादनाचाच दोष निघाला, तर तो भाग विनामूल्य बदलून मिळतो, आणि तो अधिकृत विक्रेत्याकडेच मिळतो. ज्यांनी पाच वर्षांत कंपनीचे तोंड पाहिले नाही, त्यांना अशी सूचना आली होती हेही ठाऊक नसते. चासी क्रमांक देऊन वर्षातून एकदा ही चौकशी अवश्य करावी. संगणकातील सॉफ्टवेअर सुधारणे, एअरबॅग, चाके जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा, विजेवर चालणाऱ्या गाडीची उच्च दाबाची बॅटरी, अपघातानंतरचे रोखरहित विमाकाम या बाबतीतही मी दुसरीकडे जाणार नाही.

पण तेथेच एक मोठी उणीवही आहे, आणि ती डॉक्टरला सर्वांत आधी जाणवावी. तेथे 'हिस्टरी' घेणारा आणि रुग्ण तपासणारा हे दोन वेगळे इसम असतात. आपण सल्लागाराला सांगतो, "इंजिन गरम झाल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या आसपास, डाव्या बाजूने खरखर येते." जॉब कार्डावर उतरते ते एवढेच : 'आवाज येतो'. आतल्या कारागिराला थंड गाडी मिळते, ती उभ्या जागी सुरू केली जाते, आवाज येत नाही. संध्याकाळी गाडी धुऊन परत येते आणि पहिल्याच वळणावर खरखर पुन्हा सुरू होते. याउलट गल्लीतला मिस्त्री शेजारच्या सीटवर बसतो, "चलाइए डॉक्टरसाब" म्हणतो आणि बाड्याला एक फेरी मारेपर्यंत निदान सांगून मोकळा होतो. बेअरिंग आणि सस्पेन्शन यांच्या तक्रारींत असा कान ही फार मोलाची वस्तू आहे.

अधिकृत बिलातील काही ओळी वाचताना तर मला आपल्याकडील टॉनिकच्या बाटल्यांची आठवण होते. इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन यांतील काही गोष्टी क्वचित लागतातही, पण प्रत्येक फेरीला सरसकट नव्हे. 'अशक्तपणा वाटतो, एक सलाईन लावून टाका' असे म्हणणाऱ्या रुग्णाला आपण जे सांगतो, तेच येथे स्वतःला सांगावे. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत किती किलोमीटरला काय करावे याचा तक्ता असतो. त्यात नसलेले काम सुचवले गेले, तर त्याचे कारण विचारावे.

खासगी मिस्त्रीच्या बाजूनेही सगळे आलबेल नाही. आज अनेकांकडे स्वस्तातला स्कॅनर असतो. तो गाडीला जोडला की दोषाचा सांकेतिक क्रमांक दिसतो, आणि येथेच घोटाळा होतो. क्रमांक हे लक्षण आहे, निदान नव्हे. समजा, इंधनाच्या मानाने हवा जास्त असल्याचा संकेत आला. त्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलला, पैसे गेले, दिवा पुन्हा पेटला. मूळ दोष एखाद्या भेगाळलेल्या रबरी नळीत होता, तिच्यातून जादा हवा आत शिरत होती आणि सेन्सर बिचारा खरे तेच सांगत होता. ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर बदलण्याचाच हा प्रकार. स्कॅनर दाखवतो त्यानंतर तुम्ही काय तपासता, हा एकच प्रश्न विचारला तरी मिस्त्रीची इयत्ता कळते.

दुसरी खोड तेलाची. अलीकडच्या अनेक पेट्रोल इंजिनांना पातळ तेल लागते. पिपातील जाड तेल 'आपल्याकडच्या गर्मीला हेच बरे' म्हणून ओतणारे महाभाग आजही आहेत. पुस्तिकेतील श्रेणीचा सीलबंद डबा आपणच नेऊन द्यावा. कूलंटमध्ये नळाचे पाणी घालणे हेही तसेच. मे-जूनमध्ये जेथे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेथे ही काटकसर रेडिएटरच्या जिवावर बेतते.

सुट्या भागांचा विषय डॉक्टरांना औषधांच्या उदाहरणाने चटकन कळेल. मोटार कंपनी ब्रेकपॅड, फिल्टर, दिवे असे बहुतेक भाग स्वतः बनवत नाही. ते पुरवठादार बनवतात. तोच भाग मोटार कंपनीच्या खोक्यात एका किमतीला मिळतो आणि पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यात बऱ्याचदा कमी किमतीला. हा झाला ब्रँडेड आणि जेनेरिक यांतला फरक. तिसरा प्रकार मात्र नकली, म्हणजे बनावट औषधच. पहिल्या दोहोंत निवड करायला हरकत नाही, तिसऱ्यापासून दूर राहावे. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत तर पाच पैशांचीही तडजोड नको. टायर घेताना कडेवर कोरलेले चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. मुरैना जिल्ह्यातील बानमोरला, म्हणजे आपल्या शेजारीच टायरचा कारखाना असताना, गोदामात तीन वर्षे पडून राहिलेला टायर नवा म्हणून का घ्यावा?

वॉरंटी संपल्यानंतर माझा कल बदलतो. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, तेलबदल, बॅटरी ही नित्याची कामे एका चांगल्या स्वतंत्र मिस्त्रीकडे द्यावीत आणि दर वेळी नवा मिस्त्री शोधू नये. फॅमिली डॉक्टरसारखा त्यालाही गाडीचा पूर्वेतिहास माहीत असला तर निम्मे काम सोपे होते. त्याची पारीख पाटीवरून होत नाही. बदललेला जुना भाग न मागता हाती ठेवतो का, काम सुरू करण्यापूर्वी अंदाज सांगतो का, आणि 'हे माझ्या आवाक्यातले नाही, कंपनीत न्या' असे कधी म्हणतो का, एवढे पाहावे. यातला तिसरा गुण मी सर्वांत मोठा मानतो. वेळेवर रेफर करणारा डॉक्टर आपणही चांगलाच समजतो. मोठा खर्च निघाला, समजा गिअरबॉक्स उघडायचा ठरला, तर दुसरे मत घ्यावे. ते फुकट मागू नये, तपासणीचे पैसे द्यावेत. आपल्या सल्ल्याचे मूल्य मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या सल्ल्याचेही मूल्य द्यावे, हे ओघाने आलेच.

बिल घेण्याचा आळस मात्र नको. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हा आपल्या क्षेत्रात केवढी अस्वस्थता पसरली होती! तो १९८६ चा कायदा होता. आज २०१९ चा आहे. मोबदला घेऊन काम करणारे गॅरेजही त्याच कक्षेत येते, पण कच्च्या चिठ्ठीवर तेथे दाद मागणे कठीण. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरील कर एकसारखा १८ टक्के झाला आहे. त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. तेव्हा 'बिल नको, कर वाचेल' या आमिषातही पूर्वीइतका अर्थ उरलेला नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहनांचाही समावेश असून, सुटे भाग, दुरुस्ती आणि वॉरंटी यांची माहिती कंपन्यांनी तेथे द्यावी असा हेतू आहे. आपल्या गल्लीतील मिस्त्रीच्या मुलाला ती माहिती आणि योग्य उपकरणे मिळाली, तर बापाचा कान आणि कंपनीचा स्कॅनर एकाच दुकानात नांदू शकतील. तोवर गाडीच्या कप्प्यात एक साधी वही ठेवावी आणि तारीख, किलोमीटर, तक्रार, बदललेला भाग, त्याची किंमत असे पाच रकाने आखावेत. केसपेपर लिहिण्याची सवय आपल्याला आहेच. अक्षर मात्र मिस्त्रीला वाचता येईल असे काढावे.